घराखालची ओल



मृगाच्या सरी पडून गेल्या की एखाद्या दिवशी घरातली शहाबादी फरशी ओली दिसते. वरून गळती नाही, कुणी पाणी सांडलेले नाही, तरी चालले की पावले उमटतात. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "फरशीला घाम फुटला." मग आपण दारे-खिडक्या सताड उघडतो. वारा लागेल, फरशी सुकेल, असा आपला हिशेब. पण पुष्कळदा फरशी आणखीच ओली होते. या घामाचे कोडे मला नीट उलगडले ते अमेरिकेत, एका घराच्या खाली पोटावर सरपटत असताना. तीच हकिगत आज सांगतो. तीत माझी स्वतःची एक चूक आहे. ती झाकली तर हकिगत अर्धीच राहील.

माझी मुलगी नॉर्थ कॅरोलिना राज्यात, राले शहराजवळ राहते. राले आणि शेजारच्या केरी गावात आपली मराठी मंडळीही बरीच आहेत. गेल्या वर्षी रजा काढून मी आणि सौ. जुलैत तिकडे गेलो. विमानतळाबाहेर पडलो आणि अंगाला घामाच्या धारा लागल्या. मला तर मे महिन्यातल्या चिपळूणची आठवण झाली. माती आपल्या कोकणासारखी तांबडी, पण चिकण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच पाइनची झाडे. शहर मागे पडले की तंबाखू, सोयाबीन, कापूस आणि रताळी. रताळ्याच्या पिकात हे राज्य साऱ्या अमेरिकेत पहिले आहे.

आपल्याकडे घर बांधताना जोते भरून घेतात. तिकडच्या जुन्या घरांची रीत निराळी. भोवती कमरेएवढी विटांची भिंत, मधे खांब, त्यांवर लाकडी कडीपाट, आणि त्यावर घर. म्हणजे जमीन आणि घराचा तळ यांत दोन-तीन फुटांची पोकळी राहते. नळ, तारा, गार हवेचे पत्र्याचे नळकांडे, सारे त्या पोकळीतून जाते. तिला ते 'क्रॉल स्पेस' म्हणतात, म्हणजे रांगत जायची जागा. भिंतीत ठिकठिकाणी जाळीचे झरोके असतात. उघड्या जमिनीतून वाफ येते, ती कोंडू नये म्हणून दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झरोका असावा, असा तिकडचा जुना नियम आहे. ऐकायला किती पटते!

मलाही पटले होते, आणि तिथेच घोटाळा झाला. आदल्या उन्हाळ्यात जावईबापूंनी फोनवर विचारले होते, "बाबा, घरात कुबट वास येतो. खालचे निम्मे झरोके थंडीपासून बंदच आहेत. काय करू?" मी शेतीचा पदवीधर, जन्म गेला लोकांना साठवणुकीचे धडे देण्यात. क्षणाचाही विचार न करता मी सांगितले, "सगळे उघडा. जमल्यास एका झरोक्याला पंखा लावा. हवा खेळली पाहिजे." त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. झरोके उघडले, पंखाही बसवला.

वर्षाने आम्ही पोचलो तेव्हा वास दुप्पट झाला होता. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी. बैठकीच्या खोलीतल्या लाकडी फळ्या कडांना उचललेल्या, जणू पन्हळी. नात जमिनीवर खेळायला बसली की लेक तिला उचलून घ्यायची. बोलत काही नव्हती, पण मला समजत होते.

दुसऱ्या दिवशी जावयांची जुनी विजार चढवून, हातात बॅटरी घेऊन मी खाली शिरलो. "बाबा, तुम्ही कशाला?" असे ते म्हणत होते. मी म्हटले, "सल्ला माझा होता, पाहणीही माझीच असू द्या." आत गेलो आणि चाटच पडलो. गार नळकांड्यावरून थेंब टपकत होते. कड्यांना पांढरी-हिरवी बुरशी. तळाला लावलेले कापसासारखे अस्तर ओले होऊन चिंध्यांसारखे लोंबत होते. आणि पंखा बिचारा इमाने इतबारे फिरत होता, बाहेरची हवा आत ओढत होता.

त्या आठवड्यात तपासनीस आला. आपल्याकडे धान्याची ओल मोजायचे यंत्र असते, तसे लाकडाचे यंत्र त्याच्यापाशी होते. कडीत दोन सुया टोचल्या. आकडा आला २४. ज्वारी-गहू साठवताना आपण ओल १२ टक्क्यांपर्यंत आणतो. लाकूड २० टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. २८-३० च्या पुढे ते राहिले की कुजवणारी बुरशी धरते. आमचे घर मधल्या धोक्याच्या पट्ट्यात येऊन उभे होते.

असे का झाले, ते तुम्ही नीट समजून घ्या, कारण सारी गोम इथेच आहे. हवा कापडासारखी पाणी धरून ठेवते. गरम हवा जास्त धरते, गार हवा कमी. तिकडच्या उन्हाळ्यात बाहेर ३२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी असते. हीच हवा २३ अंशांपर्यंत गार झाली की तिला तेवढे पाणी पेलत नाही, आणि दव पडू लागते. आता घराखालची जमीन सावलीत, म्हणून गार. वर खोल्या यंत्राने गार केलेल्या, आणि गार हवेची नळकांडी तर त्याहून थंड. झरोक्यातून शिरलेली हवा तिथे काही वाळवीत नाही. ती स्वतःच गार होते आणि आपले पाणी तिथे ठेवून जाते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात, ते तांब्या झिरपतो म्हणून नव्हे. माझा पंखा रात्रंदिवस पाणीच भरत होता!

मन खट्टू झाले. तिथल्या कृषिविस्तार कार्यालयात गेलो. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ही विस्तारसेवा सुरू झाली. नॉर्थ कॅरोलिनात १०० काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत हे काम चालते. तिथल्या बाईंना मी माझी चूक सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्हीही वर्षानुवर्षे लोकांना झरोके उघडाच म्हणत होतो." आपल्याच धंद्यातले माणूस भेटले की ओझे हलके होते.

त्यांच्याच सांगण्यावरून तंबाखूचे एक जुने लाकडी कोठार पाहिले. त्यात भट्टीच्या धुराड्यांच्या उष्णतेने पाने पिकवीत. पान पिवळे पडेपर्यंत झरोके जवळजवळ बंद, ओल राखायची. मग पान वाळवताना झरोके उघडे, आतली गरम दमट हवा बाहेर. शेवटी शिरा वाळवताना पुन्हा बंद. शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक होते, की झरोका हा काही आपोआप वाळवणारा देव नव्हे. आतली हवा जास्त ओली असेल तर तो ओल बाहेर काढतो. बाहेरची जास्त ओली असेल तर आत आणतो.

मग दुरुस्ती काढली. आधी पन्हळीचे पाणी घरापासून लांब सोडले. भोवतालच्या जमिनीला १० फुटांत ६ इंच बाहेरच्या बाजूने उतार दिला. पोकळीतली ओली चिंधी, लाकडाचे तुकडे बाहेर काढले, बुरशी साफ केली. जमिनीवर जाड पॉलिथिन अंथरले, जोड फूटभर एकमेकांवर घेऊन चिकटवले, कडा भिंतीवर चढवल्या. मात्र भिंतीच्या माथ्याला तीन इंचांची पट्टी उघडी ठेवली. वाळवीचा माग दिसावा म्हणून. त्यानंतर झरोके एकेक करून पक्के बंद केले, आणि हवेतली ओल ओढणारे यंत्र आत बसवले. हा क्रम महत्त्वाचा. जमीन उघडी ठेवून नुसते झरोके बुजवले तर मातीची वाफ आतच कोंडते. गॅसवर चालणारे उपकरण खाली असेल तर त्याच्या हवेची सोय वेगळी करावी लागते. नाही तर जिवाशी गाठ. काही हजार डॉलर गेले. मी हात खिशात घातला, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, असू द्या. तुमच्यामुळे खाली कुणी पाहिले तरी." हे तिने माझे मन राखायला म्हटले, हे काय मला कळत नव्हते?

काम चालू असताना एके रविवारी आम्ही प्रिन्सव्हिलला गेलो. रालेपासून पूर्वेला सुमारे ११० किलोमीटर, टार नदीच्या काठी. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी यादवी युद्धानंतर इथे सखल, पाणथळ जागेत वस्ती केली आणि १८८५ साली तिला गावाची सनद मिळवली. नदीला बांध घातलेला आहे. तरी १९९९ च्या सप्टेंबरात फ्लॉइड वादळाच्या पुरात सारे गाव बुडाले. जागा विकून उठून जाण्याची वाट सरकारने दाखवली होती. गावाने ती नाकारली आणि तिथेच पुन्हा घरे बांधली. २०१६ साली मॅथ्यू वादळात पुन्हा पूर आला. बांधावर उभे राहून ती बसकी घरे पाहताना मला आपली नदीकाठची गावे आठवली.

याच गावात, नव्याने बांधलेल्या एकाच आराखड्याच्या १२ घरांवर रालेच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी' या संस्थेने प्रयोग केला. काहींचे झरोके उघडे, काहींची पोकळी जमिनीसह बंद. अहवाल २००५ साली आला. बंद पोकळ्या दमट उन्हाळ्यातही कोरड्या राहिल्या, आणि घर गार व ऊबदार ठेवण्याची वीज १५ टक्के किंवा त्याहून अधिक वाचली. अर्थात पूरपट्ट्यात झरोके अजिबात बुजवून चालत नाही, पाण्याच्या दाबाने भिंत कोसळते. तिथे एरवी मिटलेली आणि पूर आला की उघडणारी झडप बसवतात.

आम्ही निघालो तेव्हा कडीतला आकडा १५ वर आला होता. फळ्या बऱ्याचशा सपाट झाल्या होत्या. नात खाली बसून खेळत होती, आणि कुणी तिला उचलत नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घराखाली पोकळी नाही, आम्हाला काय उपयोग? उपयोग आहे. दमट पावसाळी दिवशी धान्याची खोली वारा देण्यासाठी उघडू नका. चांगले ऊन पडून हवा कोरडी झाली की उघडा. पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी पाट आणि पॉलिथिन घाला. कणगीचे तोंड पावसाळ्यात वरचेवर काढू नका. लागेल ते धान्य एकदाच काढून घ्या. फरशीला घाम आला तर दमट वारा आत घेऊ नका. फरशी कोरड्या कापडाने पुसा आणि ऊन पडेपर्यंत खिडक्या लोटून ठेवा. मात्र चूल पेटलेली असेल तर स्वयंपाकघर कधीही बंद करू नका. आणि कांदाचाळीला यातले काहीच लावू नका. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, ऊब आणि वाफ सोडतो. त्याला खालून वारा हवाच.

मी परत आल्यावर पहिल्याच सभेत एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, खोली उघडी ठेवू की बंद?" पूर्वी मी लगेच उत्तर दिले असते. या वेळी म्हटले, "आधी सांगा, बाहेर काय आहे आणि आत काय आहे?" तुम्हीही झरोक्याला हात लावण्यापूर्वी एवढे विचारत चला.