सहा इंचांची हरकत

गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेत मी एक लेखी हरकत दिली. मुद्दे तीन होते. पिकलबॉलच्या टकटकीनं डोकं उठतं. हा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, त्यात तंत्र म्हणून शिकण्यासारखं काही नाही. आणि बॅडमिंटनच्या कोर्टावर पिवळ्या रेषा मारल्यानं जुन्या पांढऱ्या रेषांचा अवमान होतो. ‘अवमान’ हा शब्द बायकोनं खोडायला सांगितला होता. मी ठेवला. कोथरूडमध्ये तीस वर्षं काढल्यावर एवढा हक्क मिळतोच, असा माझा समज होता.

तीनपैकी दोन मुद्दे मी आज मागे घेतो आहे. टकटकीवर अजून ठाम आहे.

नववीत हातात रॅकेट आली, ती चाळीस वर्षं सुटली नाही. मोठा खेळाडू वगैरे झालो नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची दुसरी फेरी ही माझी सर्वोच्च कामगिरी. पण मनगट चांगलं होतं. ‘याचं मनगट बघा’ असं कुणी म्हटलं की मी ऐकू न आल्यासारखं करायचो आणि पुढचा फटका जरा जास्तच मनगटानं मारायचो. आमच्या वेळी बॅडमिंटन म्हटलं की वडीलधारी मंडळी नंदू नाटेकरांचं नाव काढत. १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि उत्तरायुष्यात राहायला इथे पुण्यात. त्यात हा खेळच मुळी आपल्या गावाचा. १८७०च्या आसपास इथल्या लष्करातले इंग्रज अधिकारी तो खेळत तेव्हा त्याला ‘पूना’ म्हणत. पुढे इंग्लंडातल्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या ‘बॅडमिंटन हाउस’वरून त्याचं बारसं झालं. ही माहिती मी सोसायटीत किमान दहा जणांना ऐकवली आहे. त्यातल्या चौघांना दोनदा.

तर असा मी, एका रविवारी सकाळी कोर्टाच्या कडेला उभा होतो. पिकलबॉलच्या डबल्सला चौथा भिडू कमी पडत होता. ‘या हो, नुसतं उभं राहायचंय,’ कुणीतरी म्हणालं. मी उपकार केल्यासारखा उतरलो. समोर चौथ्या मजल्यावरच्या काकू. वय चौसष्ट, निवृत्त गणिताच्या शिक्षिका, आयुष्यात याआधी कुठलाही मैदानी खेळ खेळलेल्या नाहीत.

अकराचा गेम. आम्ही तीनवर गारद.

काकूंचा फोरहँड बघून मला आधी हसूच आलं होतं. उलथन्यानं पोळी उलटावी तेवढाच हात. पण चेंडू दर वेळी नेटवरून वीतभर उंचीनं जाऊन माझ्या पायाशी पडत होता. माझा फोरहँड मात्र नदीवर धुणं आपटावं तसा. एक नेटमध्ये, एक थेट पार्किंगमध्ये. मध्येच काकू म्हणाल्या, ‘अहो, चेंडूला येऊ तर द्या!’ मला ते लागलं. चाळीस वर्षं जो बॅडमिंटनचं फूल जमिनीला टेकूच देत नाही, त्याला थांबायला सांगत होत्या.

मी घरी येऊन कारणं शोधली. वारा होता. पॅडल उसनं होतं. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. मग चांगलं महागाचं पॅडल घेतलं. किंमत बायकोला निम्मी सांगितली. पुढचे तीन रविवार नव्या पॅडलनं हरलो. शिवाय कोपर दुखायला लागलं.

शेवटी भाचीनं फोनवर माझा व्हिडिओ काढला. काढण्याआधी मी तिला बजावलं, ‘हात बघ, अगदी आखूड घेतोय मी.’ आणि खरंच, मला तसंच जाणवत होतं. तिनं तो सावकाश चालवून दाखवला आणि मी गप्प झालो. चेंडू अजून नेटच्या पलीकडे, आणि माझं पॅडल पाठीमागे, जवळपास मानेच्या उंचीवर. चेंडू टप्पा घेऊन गुडघ्याएवढा उठतो आणि पॅडल अजून मागेच. मग घाईघाईनं येतं आणि चेंडूला गाठतं कुठे, तर कमरेच्या बाजूला, थोडं मागेच. तिथे वेळ संपलेली असते म्हणून मनगट झटका देतं. त्या झटक्यावर पॅडलचं तोंड कधी आकाशाकडे, कधी जमिनीकडे. भाचीनं पाच फटके दाखवले. पाचही वेळा तोंड वेगळ्या दिशेला. ज्या मनगटाचा मी चाळीस वर्षं तोरा मिरवला, ते इथे उशिरा आलेल्याची धावपळ करत होतं.

माझं मत बदललं ते या पडद्यावर. काकूंकडून हरणं मी पचवलं होतं. मला जे जाणवतं आणि प्रत्यक्षात जे घडतं त्यांत हातभर अंतर आहे, हे मात्र पचायला आठवडा लागला.

मग हिशेब मांडला. बॅडमिंटनचं फूल पाच ग्रॅमच्या आसपास, रॅकेट नव्वदच्या आगेमागे. तिला मनगट चाबकासारखं फिरवू शकतं, आणि फूल कितीही जोरात निघालं तरी पिसांमुळे वेग टाकून देतं. पिकलबॉलचा चेंडू २२ ते २६ ग्रॅमचा, टणक प्लॅस्टिकचा, भोकांचा. पॅडल सव्वादोनशेच्या आसपास, आणि त्याला तारा नाहीत. चेंडू टेकला न टेकला तोच निघून जातो. त्या क्षणी पॅडलचं तोंड जिकडे असेल तिकडे तो जाणार, नंतर सावरासावर नाही. मागच्या रेषेपासून नेट २२ फुटांवर. चेंडू ठरल्यापेक्षा पाच अंश वर निघाला, तर नेटपाशी जवळजवळ दोन फूट उंच जातो. नेटच मुळात मध्यभागी ३४ इंचांचं. म्हणजे मनगटाची जराशी लहर आणि समोरच्याला आयता स्मॅश. कोपर का दुखत होतं, तेही कळलं.

शिकायला पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. पकड शेकहँड करतो तशी, आणि मंडईत टोमॅटो चाचपून बघतो तेवढ्याच जोराची. चेंडू उजवीकडे आला की हात मागे न्यायचा नाही. खांदे आणि कंबर एकत्र वळवायची, त्या वळण्यानं पॅडल जेवढं मागे जाईल तेवढंच पुरे. गुडघे वाकवायचे, कारण हा चेंडू टेनिससारखा उसळत नाही, बुटका राहतो. त्याला गाठायचं ते डाव्या पायाच्या पुढे. यासाठी आधी पॅडल खाली ठेवून नुसता चेंडू टाकून घ्यायचा आणि डाव्या हातानं शरीरापुढे झेलायचा. जिथे सहज झेलता येतो, तीच फटक्याची जागा. पॅडल खालून वर, मनगट बांधलेलं, आणि जोर पाय जमिनीला रेटून कमरेतून आणायचा. फटका संपावा डाव्या खांद्यासमोर, पाठीमागे नव्हे.

वाचायला सोपं आहे. माझा हात ऐकेना. मग पार्किंगमध्ये भिंतीकडे पाठ करून, फूटभर अंतरावर उभा राहायला लागलो. पॅडल मागे गेलं की भिंतीला खट्ट लागायचं. पहिल्या संध्याकाळी महागाच्या पॅडलची कड सोलवटली. वॉचमन खुर्चीवरून बघत होता. म्हणाला, ‘साहेब, भिंतीचं काय चुकलं?’ दुसऱ्या दिवसापासून तोच मोजायला लागला. ‘आज सव्वीस.’ ‘आज एकोणीस.’ एकदा ‘नऊ’ म्हणाला तेव्हा मला बोर्डाच्या निकालाएवढा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बावीस. कुणी बघायला थांबलं की आकडा वाढायचा, हे वॉचमननंच माझ्या लक्षात आणून दिलं.

सहा आठवड्यांनी खट्ट जवळपास थांबलं. कोर्टावर अचानक वेळ मिळायला लागला. चेंडू तोच, वेग तोच, पण टप्पा पडल्यावर तो वर येऊन क्षणभर रेंगाळतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ‘चेंडूला येऊ तर द्या’ म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. खेळाचा नियमच तसा आहे: सर्व्हिस एकदा टप्पा पडू देऊन घ्यायची, आणि ती परत आली की सर्व्हिस करणाऱ्यानंही एक टप्पा पडू द्यायचा. सर्व्हिसनंतरचे पहिले दोन फटके कुणालाही हवेत मारता येत नाहीत. मला तो नियम मिळमिळीत वाटायचा.

आता तिसरा मुद्दा, रेषांचा. उत्सुकता चाळवली म्हणून या खेळाचं मूळ शोधलं. १९६५चा उन्हाळा, अमेरिकेतलं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल यांना घरामागच्या कोर्टावर खेळायचं होतं, पण पुरेसं सामान सापडेना. म्हणून टेबल टेनिसच्या बॅट आणि भोकांचा प्लॅस्टिक चेंडू घेऊन सुरुवात केली. नेट आधी पाच फुटांवर होतं. चेंडू जमिनीवर बरा उसळतो हे बघून ते ३६ इंचांवर आणलं. पुढे शेजारचे बार्नी मॅकॅलम सामील झाले आणि नियम ठरले. आणि ते घरामागचं जुनं कोर्ट होतं बॅडमिंटनचं. २० फूट रुंद, ४४ फूट लांब. पिकलबॉलचं कोर्ट आजही तेवढंच आहे. म्हणजे ज्या ‘पूना’चा वारसा सांगून मी हरकत घेतली, त्याच्याच आखणीवर हा खेळ उभा आहे. भारतात तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. कॅनडात पाहिला, इथे रुजवला, २००८ साली संघटना उभी केली. आणि २०२५च्या जानेवारीत मुंबईत जी वर्ल्ड पिकलबॉल लीग सुरू झाली, तिचे सहसंस्थापक गौरव नाटेकर. नंदू नाटेकरांचे चिरंजीव. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि पाणी प्यायलो.

मेजरिंग टेप घेऊन कोर्टावर गेलो. बाहेरच्या पिवळ्या रेषा पांढऱ्यांच्या अंगावरच पडल्या होत्या. डोळ्यांना खुपणारी नवी रेष म्हणजे नेटजवळची. बॅडमिंटनची सर्व्हिसची रेष नेटपासून साडेसहा फुटांवर. पिकलबॉलचं ‘किचन’, म्हणजे जिथे उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही तो पट्टा, सात फुटांचं. फरक सहा इंच. सभेत मी वीस मिनिटं बोललो होतो ते या सहा इंचांवर.

टकटकीचं मात्र खरं आहे. टणक चेंडू टणक पॅडलवर आपटला की आवाज होणारच, आणि तळमजल्यावरच्या आजींना दुपारी पडायचं असतं. म्हणून सुधारित अर्ज दिला आहे: सकाळी सातच्या आधी आणि दुपारी एक ते चार खेळ बंद. सही करणाऱ्यांत खेळणारे सगळे आहेत. त्यात मीही.

काकूंना अजून हरवलेलं नाही. नऊपर्यंत पोचतो. अडचण एकच उरली आहे. नेटजवळ गेलो की पाय आपोआप जुन्या पांढऱ्या रेषेमागे जाऊन थांबतात, चाळीस वर्षांच्या सवयीनं, अगदी बरोबर. तिथून हवेतला चेंडू सुरेख मारतो, आखूड हात, मनगट बांधलेलं. आणि काकू पॅडल खाली करून शांतपणे म्हणतात, ‘किचन.’