तारण

राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारी आमच्या वसईतल्या चर्चच्या दारात टोपली ठेवतात. गेल्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित होऊन वर्षभर घरच्या वेदीवर सुकलेल्या झावळ्या त्यात टाकायच्या. त्यांचीच राख मग कपाळावर लागते. मी दरवर्षी टाकते, फक्त एक झावळी दहा वर्षं टाकली नव्हती. बाबांनी तिच्या पातीचा क्रूस विणून दिला होता. त्याच पावसाळ्यात ते गेले.

आई आधीच गेली होती आणि बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आम्हां ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो, पण हे मला फार उशिरा कळलं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, कर्जासाठी वाडी तारण ठेवायचीय. तुझी सही लागेल." निबंधकाच्या कचेरीत जाऊन मी सही केली, अंगठा दिला. वाचलं नाही. भावाचा कागद कोण वाचतं? दोन वर्षांनी वाडी विकली गेली, केळी तोडली, पाण्याचं बावखल बुजवलं, तेव्हा समजलं की ते हक्कसोडपत्र होतं.

सात वर्षं बोलणं बंद. मिस्सात शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की आम्ही दोघंही हात जोडून नेमके उलट दिशांना वळायचो.

गेल्या उपवासकाळात पापनिवेदनाला बसले आणि फादरांना सगळं सांगितलं. सही, वाडी, खोटं बोलणं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाई, हे तुमच्या भावाचं पापनिवेदन झालं. आता तुमचं सांगा." मला राग आला. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचायला सांगितला. "मोठा मुलगा शेवटी घरात गेला का, तेवढं बघा."

उधळ्या पुत्राचा दाखला मला लहानपणापासून पाठ, पण तो धाकट्याचा. त्या रात्री पहिल्यांदा मोठ्याकडे बघत वाचला. तो शेतातून येतो, घरातलं गाणंबजावणं ऐकून बाहेरच थांबतो आणि बापाला वर्षांचा हिशेब ऐकवतो. हिशेबात एक पैशाची चूक नाही. बापही तो खोटा ठरवत नाही, नुसता बाहेर येऊन विनवतो. गोष्ट तिथंच संपते. मोठा आत गेला की नाही, लूक सांगतच नाही. मी पान उलटलं, तर पुढं कर्जाच्या कागदांत फेरफार करवून घेणाऱ्या कारभाऱ्याचा दाखला! एकटीच हसत बसले. हसता हसता आठवलं, भावजयीचं ऑपरेशन झालं तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. हे मी फादरांना सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

चार दिवसांनी भावाच्या घरी गेले. तो ओटीवरच होता. "ये," म्हणाला. मी उभ्यानंच बोलले, "तू मला फसवलंस. ते मी विसरणार नाही. पण त्यावर व्याज लावणं आता थांबवते." त्यानं माफी मागितली नाही. खाली बघत राहिला, मग आत बघून म्हणाला, "ताई आलीय, चहा ठेव." मी उंबरा ओलांडला.

वाडी परत आली नाही, येणारही नाही. क्षमा एकदा केली की सुटलो, असं वाटलं होतं. पण बावखलाच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीवरून रिक्षा जाते, तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. काही दिवशी जमत नाही. बँकेत तारण म्हणजे अडकवून ठेवलेली वस्तू, चर्चमध्ये तारण म्हणजे सुटका. सात वर्षं मी भावाला पहिल्या अर्थानं धरून ठेवलं होतं, आणि त्याच्यासोबत स्वतःलाही.

यंदा बाबांचा क्रूस टोपलीत टाकला. बुधवारी राख घ्यायच्या रांगेत भाऊ माझ्या पुढंच उभा होता. बाबांच्या हातची ती पात कुणाच्या कपाळावर गेली, हे कळायला मार्ग नव्हता.