कड्यावरचं चिविता

काही गावं नदीकाठी भेटतात, काही घाटाच्या वळणावर. चिविता दी बान्योरेज्जो आभाळाच्या कडेवर भेटतं. रोमच्या उत्तरेला, सुमारे 120 किलोमीटरवर, दरीच्या मधोमध एक एकाकी कडा उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर ही मूठभर घरांची वस्ती. सकाळी दरीत धुकं भरलं की खालचा कडा दिसेनासा होतो आणि चर्चच्या मनोऱ्यासकट सगळं गाव अधांतरी तरंगू लागतं.

या देखणेपणाच्या मुळाशीच गावाचं दुखणं आहे. माथ्यावर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला तांबूस दगड, आणि त्याखाली एके काळी समुद्रतळाशी असलेली चिकणमाती. रिओ कियारो आणि रिओ तोर्बिदो हे दोन ओढे, पाऊस आणि वारा ही माती अखंड कुरतडत आले आहेत. पायथा झिजला की वरच्या दगडाचा आधार सुटतो, कपार कोसळते आणि तिच्याबरोबर एखादी भिंत, एखादी गल्ली दरीत जाते. भोवती पसरलेल्या मातीच्या पांढुरक्या, धारदार कडांना तिथले लोक ‘कालांकी’ म्हणतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या इतक्या सुंदर दिसतात की हीच झीज गाव गिळते आहे, हे मन मानायला तयार होत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी इथे वस्ती केली. खडक कोरून त्यांनी वाट काढली, गुहा खोदल्या, आपले मृत ठेवले. पुढच्या पिढ्यांनी त्याच गुहांमध्ये द्राक्षरसाची पिंपं ठेवली, ऑलिव्हचे घाणे बसवले. गावात शिरताना लागतो तो सांता मारिया दरवाजा. त्यावर दगडी सिंह आहेत आणि त्यांच्या पंज्यांत माणसांची मुंडकी. शेजारच्या ओर्व्हिएतो शहरातल्या जुलमी घराण्यावर गावकऱ्यांनी मिळवलेल्या विजयाची ती खूण, असं सांगतात. आज इतकं शांत वाटणारं हे गाव एके काळी हट्टानं लढलं होतं.

1695 च्या भूकंपानं मात्र कणा मोडला. बिशप आणि कारभारी समोरच्या रोता वस्तीत गेले, लोकही हळूहळू निघाले आणि रोताचंच पुढे बान्योरेज्जो झालं. दोन्हींना जोडणारी मातीची वाटही झिजत गेली. आज गावात जायचं ते 1965 मध्ये बांधलेल्या सुमारे 300 मीटर लांबीच्या पुलावरून, पायी. शेवटचा चढ छातीवर येतो.

तेराव्या शतकातला थोर तत्त्वचिंतक संत बोनाव्हेंतुरा या गावचा. लहानपणी तो जिवावरच्या दुखण्यातून संत फ्रान्सिसच्या कृपेनं वाचला, अशी श्रद्धा आहे. पुढे तो फ्रान्सिसच्याच संघाचा प्रमुख झाला, दान्तेनं आपल्या महाकाव्यात त्याला स्वर्गात स्थान दिलं. त्याच्या बालपणीचं घर कधीच दरीत गेलं. असाच एक जुना वाडा आहे, त्याची केवळ दर्शनी भिंत उरली आहे. तिच्या खिडक्या नीट चौकटीत आहेत, आणि आत खोलीच्या जागी निळं आभाळ. मी त्या खिडक्यांखाली बराच वेळ थांबलो होतो. तिथे कुणीतरी केस विंचरले असतील, कुणीतरी वाट पाहिली असेल.

गावाच्या मधोमध सान दोनातोचं चर्च आणि त्यासमोर चौक. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, याच चौकात गाढवांच्या शर्यती लागतात आणि सुनं गाव आरोळ्यांनी भरून जातं. चर्चमध्ये पंधराव्या शतकातला एक लाकडी ख्रिस्त आहे. गुड फ्रायडेला त्याची मिरवणूक पूल ओलांडून बान्योरेज्जोत जाते. मध्यरात्रीच्या आत मूर्ती परत आली नाही, तर ती तिकडेच राहील, असा जुना संकेत. त्यामुळे रात्री खांदेकऱ्यांची पावलं चढावर झपझप पडतात. ज्यांचं घर आता गावात नाही, तेही आपला देव मात्र गावातच ठेवतात.

बान्योरेज्जोचेच लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी चिविताला ‘मरणारं शहर’ म्हटलं. ती एका भूमिपुत्राची कळ होती, पण तेच नाव पाटीवर, भित्तिपत्रकांवर चढलं. बारमाही राहणारी माणसं आता जेमतेम डझनभर. तरीही कुंड्यांतली जिरेनियम फुलतात, कड्याला पोलादी सळ्यांनी आवळून धरायची कामं होतात आणि 2013 पासून पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतलं जातं. इतक्या निष्ठेनं सांभाळल्या जाणाऱ्या गावाला मरणारं म्हणणं मला पटत नाही.

इटलीला जाणं झालं, तर रोम आणि फ्लोरेन्सच्या मधला एक दिवस चिवितासाठी राखून ठेवा. ओर्व्हिएतोहून बान्योरेज्जोला बस मिळते. शुल्क मोकळ्या मनानं भरा, तिथल्या एखाद्या खानावळीत ऑलिव्हच्या तेलात माखलेला भाजका पाव खा, आणि छायाचित्रं काढून लगेच उलट पावली परतू नका. कड्याला सळ्यांचा आधार आहे, गावाला येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा.