वसईची घंटा

भीमाशंकरची अर्ध्या दिवसाची टूर म्हणजे दर्शन, गुप्त भीमाशंकर, नागफणी आणि नशीब असेल तर शेकरू. आम्ही सहा जण, सगळे एकाच ऑफिसातले. पायऱ्या उतरल्यावर गाइडने देवळाच्या आवारातली मोठी घंटा दाखवली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या. ही त्यांतलीच. सगळ्यांनी फोटो काढले.

आमच्यातला एक जण वसईचा. ख्रिस्ती, घरीदारी मराठीच बोलणारा. तो घंटेपाशी रेंगाळला. म्हणाला, "आमच्या गावची आहे ही." आवाजात राग नव्हता. लांब दिलेल्या बहिणीला भेटावं, तसा काहीसा सूर होता.

वसईचा विजय त्यानेही शाळेत आमच्याइतक्याच जोशात पाठ केलाय. फक्त 'आपण जिंकलो' हे वाक्य त्याला दोन्ही बाजूंनी वाचावं लागतं. आम्हाला ती सोय म्हणा, अडचण म्हणा, नाही.

परतताना गाडीत तोच म्हणाला, "पुढच्या वेळी वसईला या. किल्ला मी दाखवतो."

गाइडने घंटेला दोन मिनिटं दिली होती. वसईला आम्ही अख्खा दिवस काढणार आहोत.