एका क्लबचे दोन हंगाम

मुंबई सिटी एफसीच्या 2023-24 च्या हंगामाची नोंद दोन तक्त्यांत सापडते, आणि त्या दोन तक्त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. इंडियन सुपर लीगच्या तक्त्यात 22 सामने, 14 विजय, 5 बरोबरी, 3 पराभव, 47 गुण आणि दुसरा क्रमांक. पुढे बाद फेरीतून मिळवलेले विजेतेपदही त्याच हंगामातले. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ‘ड’ गटाच्या तक्त्यात मात्र सहा सामने, सहा पराभव, एक गोल केलेला, सतरा स्वीकारलेले, गुण शून्य. जवळजवळ तेच खेळाडू, तेच महिने. एखाद्या क्लबची ताकद किती, या प्रश्नाला इतकी परस्परविरोधी उत्तरे एका वर्षात क्वचितच मिळतात. ती दोन्ही उत्तरे खरी आहेत, म्हणूनच हा हंगाम बारकाईने पाहण्याजोगा ठरतो.

आशियाचे हे तिकीट क्लबने मैदानावरच कमावले होते. 2022-23 च्या लीगमध्ये मुंबई सलग 18 सामने अपराजित राहिली, 46 गुण मिळवून साखळीतील अव्वल संघाला मिळणारी शील्ड तिने जिंकली, आणि एप्रिल 2023 मध्ये केरळमधील मंजेरी येथे आदल्या वर्षीच्या शील्डविजेत्या जमशेदपूरला 3-1 ने हरवून आशियातील अव्वल क्लब स्पर्धेच्या गटसाखळीत जागा मिळवली. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये रियाधला झालेल्या गटसाखळीत याच क्लबने इराकच्या एअर फोर्स क्लबला दोनदा हरवले होते. त्यातला पहिला विजय हा या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला पहिलाच विजय. एक वर्ष आधी एफसी गोवाने फातोर्ड्यात तीन सामने बरोबरीत सोडवून दार किलकिले केले होते. मुंबईने ते उघडले. सात गुणांसह गटात दुसरे स्थान मिळाले, तेव्हा भारतीय फुटबॉलमध्ये एक आशा रुजली. पुढच्या खेपेला आणखी एक पाऊल पडेल, असा हिशेब मांडला जाऊ लागला.

त्या आशेमागे शहराचा मोठा इतिहास होता. मुंबईत रोव्हर्स कप 1891 पासून खेळला गेला. कूपरेजच्या मैदानाने देशभरातले नामवंत संघ पाहिले. पण शहराला टिकाऊ व्यावसायिक क्लब मात्र लाभत नव्हता. महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, 2007 च्या एएफसी कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुढे मुंबई एफसीही राहिला नाही. मुंबई सिटी 2014 मध्ये सुपर लीगबरोबर जन्मला, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्यातील 65 टक्के हिस्सा घेण्याची घोषणा केल्यावर त्याचा चेहरामोहरा बदलला. 2020-21 मध्ये शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणारा हा पहिला क्लब ठरला.

मैदानाचा प्रश्न तेवढा सुटला नव्हता. क्लबचे घर म्हणजे अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातले मुंबई फुटबॉल अरेना. आटोपशीर, प्रेक्षक अगदी रेषेजवळ बसवणारे मैदान. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाच्या घोषणा तिथे खेळाडूंच्या कानात शिरतात. चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने मात्र तिथे झाले नाहीत. ते पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाले, आणि एक नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. लीगच्या दोन सामन्यांमध्ये एक्स्प्रेसवे ओलांडून ‘घरी’ खेळायला जाणारा संघ घरच्या मैदानाचा अर्धा फायदा वाटेतच गमावतो. पुणेकरांनी या सामन्यांना मनापासून हजेरी लावली ही आनंदाची गोष्ट, पण पावणेदोन कोटींहून मोठ्या महानगरात आशियाई दर्जाचे एक खास फुटबॉल मैदान नसावे, ही खंत त्या आनंदाने झाकली जात नाही.

हंगामाची सुरुवातही डळमळीत झाली. ऑगस्टमध्ये ड्युरँड कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात मोहन बागानने 3-1 ने बाहेर काढले. 18 सप्टेंबरला बालेवाडीत इराणच्या नस्साजी माझंदरानविरुद्ध पहिला आशियाई सामना झाला. नस्साजी हा काएमशहर या कापडगिरण्यांच्या गावचा क्लब. आशियाच्या दृष्टीने तो मातब्बर नव्हता; गटातला आवाक्यातला प्रतिस्पर्धी तोच, असे सगळे धरून चालले होते. मुंबई 0-2 ने हरली. पंधरवड्याने उझबेकिस्तानात नवबहोरने 3-0 ने हरवले. चेंडू मुंबईकडे पुरेसा राहत होता. तो प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रात नेऊन काही करता येत नव्हते, आणि स्वतःच्या क्षेत्राजवळ झालेली लहानशी चूकही पदरात गोल टाकत होती. लीगमध्ये त्याच चुकीनंतर सावरायला दोन-तीन क्षण मिळतात. इथे ते मिळाले नाहीत.

मग अल हिलाल. आशियाई विजेतेपद चार वेळा जिंकलेला हा रियाधचा क्लब त्या उन्हाळ्यात सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीच्या मालकीत गेला आणि त्याने नेमार, रुबेन नेव्हेस, मिलिंकोविच-साविच, कुलिबाली, बोनो, मित्रोविच अशी नावे एका दमात गोळा केली. सोडतीत हा संघ मुंबईच्या गटात आला, तेव्हा देशभर चर्चा झाली ती नेमार भारतात खेळणार याचीच. 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि ती शक्यता संपली. नेमार नसल्याने मुंबईचे काम सोपे झाले नाही. 23 ऑक्टोबरला रियाधमध्ये मित्रोविचच्या हॅट्ट्रिकसह 6-0. दोन आठवड्यांनी नेरूळला मोठ्या गर्दीपुढे मुंबईने तासभर गोल होऊ दिला नाही, अखेर 0-2. आकड्यांत तोही पराभवच, पण त्या गटसाखळीत संघ सर्वात जिद्दीने खेळला तो याच सामन्यात. हेही सांगायला हवे की त्या वर्षी अल हिलालने सर्व स्पर्धा मिळून सलग 34 सामने जिंकण्याचा विक्रम केला आणि सौदी लीग एकही सामना न हरता जिंकली. मुंबईवरचे दोन्ही विजय त्या 34 मध्ये मोजलेले आहेत.

उरलेले दोन सामने लवकर सांगून होतात. नस्साजीकडून पुन्हा 0-2, आणि 4 डिसेंबरला बालेवाडीत नवबहोरकडून 1-2. सहा सामन्यांतला एकमेव गोल या शेवटच्या सामन्यातला.

या पडझडीची कारणे शोधताना ‘आपले खेळाडू कमी पडले’ एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. 2022 ची गटसाखळी एकाच शहरात, लीग संपल्यावर, सलग तीन आठवड्यांत झाली होती. संघाने सगळे लक्ष तिथेच लावले होते. 2023 मध्ये आशियाई महासंघाने स्पर्धा शरद ऋतूपासून वसंतापर्यंत पसरवली, त्यामुळे सामने लीगच्या मधोमध आले आणि नमनगान, तेहरान, रियाधच्या वाऱ्या चालू हंगामात कराव्या लागल्या. त्याच वर्षी महासंघाने परदेशी खेळाडूंची मर्यादा वाढवून पाच अधिक एक आशियाई अशी केली, तर भारतीय लीगमध्ये एका वेळी चारच परदेशी मैदानात उतरू शकत होते. श्रीमंत क्लबांनी वाढीव जागा युरोपातील तयार खेळाडूंनी भरल्या. भारतीय क्लबचा संघ मात्र घरच्या नियमांना धरून बांधलेला होता. त्यात प्रशिक्षकही गेला: ऑक्टोबर 2021 पासून संघ घडवणारे, 2022 चा तो पहिला विजय मिळवून देणारे डेस बकिंगहॅम नोव्हेंबरच्या मध्यात इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. मोहीम निम्म्यात असताना.

तरीही मूळ अडचण याहून खोल आहे. जानेवारी 2024 मध्ये कतार येथे आशियाई चषकात भारताचा राष्ट्रीय संघ ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध तिन्ही सामने हरला आणि त्याला एकही गोल करता आला नाही. त्या संघात राहुल भेके, आकाश मिश्रा, अपुइया, लालियनझुआला छांगटे हे मुंबईचेच खेळाडू होते. क्लबने डिसेंबरपर्यंत जी भिंत पाहिली, तीच देशाने जानेवारीत पाहिली. वेगाने चेंडू मागणारा, चूक झाली की लगेच शिक्षा करणारा खेळ आठवड्याला एकदा तरी खेळावा लागला, तरच तो अंगवळणी पडतो. तेव्हाच्या बारा संघांच्या, वर्षातून काही महिने चालणाऱ्या लीगमध्ये ती सवय लागत नव्हती. लहान मुलांना नियमित स्पर्धात्मक सामनेच नसलेल्या जिल्ह्यांमधून तर नाहीच नाही.

डिसेंबरात सिटी समूहाच्याच मेलबर्न सिटीत काम केलेले चेक प्रशिक्षक पेट्र क्राट्की आले. त्यांच्या पहिल्याच दिवसांत, 20 डिसेंबरला, अंधेरीत मोहन बागानविरुद्धचा सामना झाला. लीगमधील सर्वांत बेभान सामन्यांपैकी हा एक: दोन्ही संघ मिळून सात लाल कार्डे, आणि पिछाडीवरून मुंबईचा 2-1 विजय. निलंबनांमुळे संघ विस्कटला आणि चार दिवसांनी कोचीत केरळ ब्लास्टर्सने त्याला 2-0 ने हरवले. आशियाई चषकासाठी लीग थांबली असताना भुवनेश्वरच्या सुपर कपमध्ये, राष्ट्रीय संघातील खेळाडूंविना, मुंबईने उपांत्य फेरी गाठली. तिथे ओडिशाकडून 0-1.

फेब्रुवारीपासून मात्र संघाला लय सापडली. क्राट्कींनी चेंडू राखण्याची जुनी शैली मोडली नाही. बचाव घट्ट केला आणि चेंडू मिळताच दोन्ही कडांनी वेगाने पुढे जाण्यावर भर दिला. सिक्कीमचा गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा हंगामाअखेर ‘गोल्डन ग्लोव्ह’चा मानकरी ठरला, विक्रम प्रताप सिंगला उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळाला. मिझोरमचा छांगटे उजवीकडे, मणिपूरचा बिपिन सिंग डावीकडे, आणि मागे मुंबईतच वाढलेला कर्णधार भेके. दशकभर ज्या क्लबला शहराचा चेहरा नाही असे म्हटले जाई, त्याची कर्णधारपट्टी मुंबईकराच्या दंडावर होती, याचे अप्रूप इथल्या प्रेक्षकांना वाटले ते रास्तच. भेके हा अंधेरीच्या मैदानाला आधीपासून ठाऊक होता: मार्च 2019 मध्ये याच मैदानावर एफसी गोवाविरुद्धच्या अंतिम सामन्यात 117 व्या मिनिटाला हेडर मारून त्याने बंगळूरूला चषक मिळवून दिला होता.

15 एप्रिलला साखळीचा शेवटचा सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, पुन्हा मोहन बागानशी. शील्डसाठी मुंबईला बरोबरी पुरेशी होती. साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर लिस्टन कुलासो आणि जेसन कमिंग्स यांनी बागानला दोन गोलांची आघाडी दिली. छांगटेचा 89 व्या मिनिटाचा गोल अपुरा ठरला. बागान 48, मुंबई 47. एका गुणाने गेलेली ही शील्ड म्हणजे केवळ एक ढाल नव्हती. आशियातील पुढच्या वर्षीची जागा तिच्याशीच बांधलेली होती.

त्यानंतर नऊ दिवसांनी जे घडले ते गोव्याचे लोक अजून विसरलेले नाहीत. फातोर्ड्यात उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफसी गोवा 90 व्या मिनिटापर्यंत 2-0 ने पुढे होता. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांचे गोल, स्टेडियम उत्सवात. मग छांगटे. लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. सहा-सात मिनिटांत तीन गोल, 3-2. अशा पुनरागमनाला नशीब म्हणण्याचा मोह होतो, पण ते तिन्ही गोल एकाच गोष्टीतून आले: गोव्याचा बचाव थकून मागे सरकल्यावरही मुंबईने कडांवरून धावणे थांबवले नव्हते. अंधेरीतला परतीचा सामना 2-0 ने जिंकून मुंबई अंतिम फेरीत पोहोचली.

4 मे 2024. पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा मोहन बागान, पुन्हा साठ हजारांहून अधिक लोक, आणि पुन्हा आधी कमिंग्सचाच गोल. यावेळी मुंबईने उत्तर दिले. 53 व्या मिनिटाला होर्हे पेरेरा दियाझ, 81 व्या मिनिटाला बिपिन, भरपाई वेळेत बदली आलेला याकुब वोइतुश. 3-1. बिपिनने 2021 च्या अंतिम सामन्यातही याच बागानविरुद्ध, तेव्हाच्या एटीके मोहन बागानविरुद्ध, अगदी शेवटच्या क्षणी विजयी गोल केला होता. तीन आठवड्यांपूर्वी ज्या मैदानावर शील्ड निसटली, तिथेच भेकेने चषक उचलला. डिसेंबरात आशियाने रिकाम्या हाती परत पाठवलेल्या संघाने मनाची उभारी गमावली नव्हती. हंगामातले सर्वांत मोठे श्रेय द्यायचे तर ते याला द्यावे लागेल. डावपेच त्यानंतर येतात.

चषकाने मात्र आशियाचे दार उघडले नाही. 2024-25 पासून आशियाई महासंघाने क्लब स्पर्धांची तीन स्तरांत फेररचना केली. सर्वोच्च ‘एलिट’ स्तरात भारताला जागा राहिली नाही. दुसऱ्या स्तरातील एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये शील्डविजेता म्हणून मोहन बागान गेला, सुपर कपविजेता म्हणून ईस्ट बंगालला पात्रता फेरीची संधी मिळाली. लीगचा चषकविजेता मुंबई सिटी त्या वर्षी कोणत्याही आशियाई स्पर्धेत नव्हता. संघही पांगला: भेके, पेरेरा दियाझ आणि मध्यरक्षक नोगुएरा बंगळूरूला गेले, अपुइया मोहन बागानला.