एक डॉलरची बँक

माझी सारी नोकरी नगररचनेच्या कार्यालयात गेली. विकास आराखडा, आरक्षण, हरकती-सूचना हीच आमची भाषा. 'सांस्कृतिक केंद्र' असं आरक्षण टाकायला नकाशावर एक शिक्का पुरे व्हायचा. तिथे उद्या गाणार कोण, झाडणार कोण, किल्ली कोणाकडे राहणार, हे लिहायला मात्र आराखड्यात रकानाच नव्हता. म्हणूनच शिकागोच्या थीॲस्टर गेट्स या कलाकाराविषयी प्रथम वाचलं तेव्हा मी त्याच्या कलाकृतींआधी त्याच्या पदव्या पाहिल्या. नगररचना, कुंभारकाम आणि धर्माचा अभ्यास! आमच्याकडे असा अर्ज आला असता तर छाननीतच बाद झाला असता.

गेट्सचा जन्म 1973 चा. वडील घरांची छपरं दुरुस्त करणारे, डांबराचं काम करणारे. तेच डांबर पुढे त्याच्या चित्रांत आलं. काही वर्षं त्याने शिकागोच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेत कलाविषयक नियोजनाची नोकरी केली. पण त्याचं खरं शिक्षण, मला वाटतं, एका लबाडीत झालं. त्याची भांडी कोणी फारशी विचारत नव्हतं. 2007 साली त्याने ती मांडली ती यामागुची नावाच्या एका थोर जपानी कुंभाराच्या परंपरेतली म्हणून. हा कुंभार हिरोशिमाहून मिसिसिपीत आला, तिथे त्याने एका कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न केलं, अशी सगळी हकीकत जोडून. जेवणावळी झाल्या, लोक भारावले. यामागुची कधी जन्मालाच आला नव्हता. माती तीच, हातही तोच. बदलली होती फक्त कथा. वस्तूचा भाव कुठे ठरतो ते गेट्सला तिथे कळलं असणार.

हेच गणित त्याने मग इमारतींना लावलं. शिकागोच्या दक्षिण भागातल्या डॉर्चेस्टर अव्हेन्यूवर 2006 मध्ये तो राहायला आला. आजूबाजूला ओस घरं, मोकळे पडलेले प्लॉट. त्याने एकेक घर घेतलं. बंद झालेल्या एका दुकानातली वास्तुकलेची पुस्तकं, दुसऱ्या एका दुकानातल्या गाण्यांच्या तबकड्या, असं कोणालाच नको असलेलं सामान त्यात आणून ठेवलं आणि दारं उघडली. पुढे 2010 मध्ये याच कामासाठी त्याची रीबिल्ड फाउंडेशन ही संस्था उभी राहिली.

सगळ्यात गाजली ती तिथल्याच स्टोनी आयलंड रस्त्यावरची बँक. 1923 ची ही देखणी इमारत कित्येक वर्षं बंद, तळघरात पाणी, पाडायच्या यादीत. शहराने ती त्याला एका डॉलरला दिली. दुरुस्तीचा पैसा मात्र त्याने उभा करायचा. त्याने काय करावं? बँकेच्या जुन्या मुताऱ्यांचे संगमरवरी तुकडे कापून, त्यांवर अक्षरं कोरून ते 'रोखे' म्हणून बाझेलच्या कलाबाजारात विकले. एकेक पाच हजार डॉलरला! आम्ही पुनर्विकासासाठी चटईक्षेत्र विकतो, त्याने मुतारी विकली. दोन्हींत धाडस आहे, पण हसू येतं ते दुसऱ्यावर.

2015 मध्ये ही बँक कलेची म्हणून उघडली. तिच्यात 'एबनी' आणि 'जेट' या मासिक-साप्ताहिकांच्या प्रकाशनसंस्थेचं ग्रंथालय आहे आणि हाउस संगीताचा अध्वर्यू फ्रँकी नकल्स याचा तबकड्यांचा संग्रह आहे. कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या जुन्या वस्तूही आहेत. एडवर्ड विल्यम्स नावाच्या संग्राहकाने त्या बाजारातून उचलून जमवल्या होत्या. क्लीव्हलंडमध्ये 2014 साली बारा वर्षांच्या टमीर राइसला पोलिसांनी ज्या मंडपापाशी गोळी घातली, तो मंडप पाडला जाणार होता. तो सुटा करून इथे आणला आणि बँकेशेजारच्या हिरवळीवर पुन्हा उभा केला. हे काम कुठल्या खात्याचं? आराखड्याचं, कलेचं की शोकाचं? मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही वाटत नाही.

शंका मात्र आहेत. कलाकार आले की चहावाले येतात, मागून दलाल येतात, आणि भाडं न परवडून जुना भाडेकरू निघतो. हा क्रम न्यूयॉर्कच्या सोहोपासून आपल्या लोअर परळपर्यंत पाहिलेला आहे. शिवाय हे सारं एका माणसाच्या नावावर, त्याच्या कलेला येणाऱ्या किमतीवर तोललेलं. ती किंमत उद्या पडली तर? महापालिकांना अशी माणसं आवडतात, कारण त्यांच्या खांद्यावर आपलं काम टाकता येतं.

म्हणून मला त्या बँकेपेक्षा तिच्याइतकं न गाजलेलं एक काम मोठं वाटतं. डॉर्चेस्टरवरच सरकारी गृहनिर्माणाच्या 36 घरांची एक वस्ती रिकामी पडली होती. गेट्स, वास्तुरचनाकार, विकासक आणि शहराचं गृहनिर्माण प्राधिकरण यांनी मिळून ती दुरुस्त केली. मधल्या चार घरांच्या जागी कलाकेंद्र केलं, उरलेली 32 राहायला ठेवली. काही सरकारी भाड्याची, काही परवडणाऱ्या दराची, काही बाजारभावाची. कलाकार आणि बाकीचे शेजारी एकाच रांगेत. इथे भाडं कोणाच्या कीर्तीवर नाही, करारावर ठरतं. आमच्या कार्यालयात शिकवण्यासारखं काही असेल तर ते हे आहे, संगमरवराचे रोखे नव्हेत.