सिगार आणि साखरपाणी

सिगार म्हणजे जाडजूड सिगरेट, असा माझा आपला समज होता. तो दहा मिनिटांत उतरला.

मित्राने ड्यूटी-फ्रीमधून तीन 'पार्तागास सेरी डी नंबर फोर' आणले होते. क्यूबाचा माल, ब्रँड थेट १८४५चा. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी २०च्या आसपास. हातात धरला की आपण उगाचच सीईओ! दिवसभर मीटिंगा, पोटात फक्त चहा. त्याच्या गच्चीवर मी धडाधड झुरके मारले, वर धूर छातीतही घेतला. मग दरदरून घाम, मळमळ, गच्ची गरगर. त्याच्या आईने साखरपाणी दिलं, म्हणाल्या, "झेपत नाही तर कशाला रे करता?"

पुढच्या वेळी व्यवस्थित जेवून बसलो. आता कळलं, 'फुल-बॉडीड' म्हणजे काय. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडची पानं भरपूर ऊन खातात. जाड, तेलकट होतात. त्यांना लिहेरो म्हणतात. ती सावकाश जळतात, म्हणून सिगारच्या गाभ्यात भरतात. जोर तिथून येतो. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. मिनिटाला एक झुरका, बास. घाई केलीत तर सिगार तापतो आणि कडू होतो. सुरुवातीला जिभेवर मिरी, मग कडक कॉफी, कोको, थोडं चामडं. शेवटचा टप्पा जाम भारी, तिथे मी थांबलो. विझवायचा नसतो तो, ठेवून द्यायचा. आपोआप विझतो.

पण मला खरं पकडलं ते पेटवण्याआधीच्या वासाने. निपाणीला आईच्या वडिलांची, आबांची, तंबाखूची वखार होती. सुट्टीत आम्ही पोरं तिथे पोत्यांवर लोळायचो. हुबेहूब तो वास! आबा तंबाखू खायचे. तोंडाच्या कॅन्सरने गेले. धूर छातीत नाही घेतला तरी सिगारनेही तो होतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे 'क्लास' वगैरे भाषणं मी कुणाला देत नाही.

तिसरा सिगार माझ्या कपाटात, शर्टांच्या मागे लपवला होता. परवा आई इस्त्रीचे कपडे ठेवायला गेली आणि कपाटापाशीच उभी राहिली.

"आबांच्या वखारीचा वास कुठून येतोय रे?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.